मदत हवी आहे: रात्रीचे घाम, शतावरी आणि थायरॉईडची गोळी

मैत्रिणींनो, वय 48. वर्षभर पाळी कधी दोन महिने गायब, तर कधी वीस दिवसांतच हजर. रात्री तीनला अंगातून वाफा निघतात, गाऊन भिजतो. पंखा पाचवर आणि नवरा गोधडीत! डॉक्टर म्हणाल्या, पेरीमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा काळ; सलग 12 महिने पाळी आली नाही की मगच मेनोपॉज म्हणायचा. संध्याकाळचा चहा सोडल्यावर थोडा फरक पडलाय. जवसाची चटणी रोज खाते.

सासूबाई शतावरी कल्प घे म्हणतात, पण मला थायरॉईडची गोळी चालू आहे. कॅल्शियम तिच्यापासून 4 तास लांब ठेवते, शतावरीचं काय? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण कुणी दोन्ही घेतलंय का? झोपेसाठी काय लागू पडलं? "वजन कमी कर" सोडून सांगा, ते आई रोज सांगते.