कडेवर नाव असलेलं पदक: पणजोबा बसऱ्याला गेले, पुढे काय झालं?

कळवेकर:
आईच्या ट्रंकेत चांदीचं पदक सापडलं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, पणजोबांचं नाव आणि १०३ मराठा लाइट इन्फंट्री. आम्ही मूळचे खेड तालुक्यातले.

घरात एवढंच सांगतात की ते इराकमधल्या बसऱ्याला गेले आणि आलेच नाहीत. भावकीत मात्र बोललं गेलं की तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं. पणजी हे ऐकतच म्हातारी झाली. आईने आपल्या या आजेसासूला पाहिलंय. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या हयातीत खरं काय ते कळावं एवढंच वाटतं. सुरुवात कुठून करू?

माजी सुभेदार, ऐरोली:
दादा, आधी एक ऐका. पदकाला चिंच, राख, काही लावू नका. कडेची अक्षरं झिजली की ओळखच गेली.

१०३ म्हणजे आजची आमची जंगी पलटण, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तुर्कांशी लढत होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनची लढाई झाली, मग तुर्कांनी कुत-अल-अमारा गावात आपल्या फौजेला घातलेला वेढा. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. दाणागोटा संपला, घोडे कापून खायची वेळ आली. शेवटी सुमारे १३,००० जण कैद झाले. वाळवंटातून चालवत नेताना आणि पुढे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर फार माणसं गेली. अर्थात पणजोबा वेढ्यात होते की नंतरच्या भरतीतले, हे नुसत्या पदकावरून सांगता येणार नाही.

मंजिरी_नौपाडा:
हे पदक जिवंत परतलेल्यांनाही मिळालंय, त्यामुळे त्यावरून निकाल लावू नका. महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधा. नावाने नको, नंबर आणि पलटणीने. कारकुनांनी मराठी नावं कानाला येतील तशी लिहिलीत. तिकडे मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकाच्या नोंदींत कित्येकदा वडिलांचं नाव आणि गावही असतं.

आणि घरात ब्राँझची जाड गोल चकती आहे का? साधारण १२ सेंटीमीटर, त्यावर उभी बाई आणि सिंह. ती फक्त मृतांच्या घरी पाठवत. तिच्यावर हुद्दा नसतो, नुसतं नाव.

कळवेकर:
ताई, हात थरथरतायत. मसाल्याच्या बरणीवर वर्षानुवर्षं एक काळी झाकणी आहे, गावचं घर पडलं तेव्हा आईने आणलेली. चित्राची बाजू कायम खाली. आत्ता उलटून पाहिली. बाई आहे, सिंह आहे, चौकटीत पणजोबांचं नाव आहे. कडेने लिहिलंय की स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण पावला.

आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आजींना कुणी एवढं वाचून दाखवलं असतं तर." बरणीवर आता वाटी उपडी घातलीय. नंबर टाकून शोधायला बसतोय, सापडलं की इथेच लिहितो.