किट गिटारला नवीन ट्रेमोलो ब्रिज : जुनी भोकं 52.5 मिमी, नवीन ब्रिज 56 मिमी. कसा बसवायचा?

ताराकंप_सोलापूर
नमस्कार मंडळी. घरी सुट्या भागांतून जोडलेली एस-टाइप (स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची) किट गिटार आहे. बॉडी बासवुडची, नेक (मान) मेपलचा, 22 फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या). नटपासून (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत 324 मिमी भरतात. किटसोबतचा सहा स्क्रूचा ब्रिज ओतीव जस्ताचा आहे. त्याच्या सॅडलचे (तार टेकते त्या तुकड्यांचे) आटे गेलेत आणि आर्म (सूर हलवायचा दांडा) दाबून सोडला की तारा सुरात परत येत नाहीत. म्हणून स्टीलच्या ब्लॉकचा (प्लेटखाली बॉडीत उतरणारा ठोकळा) नवीन ब्रिज आणला, पण ठेवून पाहिला तर दोन अडचणी. टोकाच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर जुन्यात 52.5 मिमी आहे, नव्यात 56. शिवाय नवीन ब्लॉक प्लेटखाली 42 मिमी खोल जातो आणि बॉडीची जाडी फक्त 40 आहे.

भोकांत टूथपिक आणि फेविकॉल भरून नवीन भोकं पाडली तर चालेल का? ब्लॉकचं काय करू? आणि जुनी अर्थची वायर तशीच ठेवायची का? सामान शक्यतो सोलापुरातच मिळेल असं सांगा.

रंधा_आणि_कानस
टूथपिक नको. पट्ट्याच्या बटणाचा सैल झालेला स्क्रू आवळायला ती ठीक. इथे 9-42 जाडीच्या तारांच्या सेटचा साधारण 38 किलोचा ताण या सहा स्क्रूंवर आडवा येणार आहे.

आधी भोकांचा हिशोब बघा. 52.5 भागिले 5 म्हणजे जुन्या दोन भोकांत 10.5 मिमी, नव्यात 11.2. मध्यरेषेपासून मोजलं तर मधली जोडी 0.35 मिमी सरकते, त्यापुढची 1.05 आणि टोकाची 1.75. म्हणजे एकही नवीन भोक कोऱ्या लाकडात येत नाही, सगळी जुन्याच्या कडेवर येतात. ड्रिल बिट नेहमी मऊ बाजूला पळतो, त्यामुळे तो जुन्या भोकात घसरणारच. टूथपिक भरल्या तरी तेच होतं, कारण फेविकॉलचा गोळा आणि काडी यांची घट्टाई एकसारखी नसते.

जुनी भोकं 8 मिमीची करा आणि सागवानाच्या खुंट्या ठोका. 6 मिमीची खुंटी पुरत नाही. टोकाचं नवीन भोक 1.75 सरकतं आणि बिट 2.5 चा धरला तर त्याची कड बरोबर 3 मिमीवर येते, म्हणजे खुंटी आणि बासवुडच्या सांध्यावरच. 8 च्या खुंटीत ते पूर्ण आत राहतं आणि शेजारच्या दोन खुंट्यांमध्ये अडीच मिमी लाकूड उरतं. मात्र भोकांची रांग आणि ब्लॉकची पोकळी यांच्यामध्ये लाकूड किती आहे ते व्हर्नियरने आधी मोजा. कमी असेल तर पोकळीत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवून मगच ड्रिल करा, नाहीतर बासवुडची कड पोकळीत तुटून पडते.

खुंटीला सागवानाचा तुकडा कुठल्याही सुताराकडे किंवा वखारीत मिळेल. बांबूची काडी वापरू नका, तिच्या कडक रेषेवर बिट तिरका होतो. फेविकॉल एसएच भोकाच्या भिंतीला आणि खुंटीला, दोन्हीकडे पातळ लावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात त्यावर पटकन साय धरते, म्हणून सहाही खुंट्या आधी सुक्या बसवून बघा आणि मग एकेक लावून लगेच ठोका. पूर्ण 24 तास हात लावू नका. बॉडी वाळवायला उन्हात ठेवू नका. वर आलेली खुंटी धारदार पटाशीने कापून सपाट करा. पॉलिश पेपर फिरवला तर बाजूचा रंग जातो.

काम करताना बॉडीखाली टर्किश टॉवेल न घालता जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून घाला. टॉवेलच्या फासांत लोखंडाचा कीस अडकतो, बॉडी हलवली की तोच कीस पाठीवर ओरखडे काढतो.

आता जागा कशी ठरवायची. जुनी भोकं बुजल्यावर त्यांना पूर्ण विसरा. किटमध्ये ती बरोबर जागी असतात असं नाही, आणि ब्रिज बदलताना होणारी सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुन्या भोकांच्या रांगेवरच नवीन ब्रिज ठेवणं. ब्रिज दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने बॉडीवर ठेवा. पातळ ई (सगळ्यात बारीक तार) चं सॅडल पुढे आणा, पण दोन-तीन आटे राखून. तार सॅडलवर जिथे टेकते तो बिंदू नटच्या पुढच्या कडेपासून 648 मिमी हवा. जाड ई (सगळ्यात जाड तार) चं सॅडल त्याच्या मागे चार-पाच मिमी जाऊ शकतं का तेही बघून घ्या. मग दोन्ही ई च्या तारा नटमधून सैल ओढा आणि शेवटच्या फ्रेटवर दोन्हीकडे तार ते कड अंतर सारखं येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडे सरकवा. हे जमलं की प्लेटच्या भोकांतून टोकदार खिळ्याने खुणा करा. पेन्सिल नको, तिची खूण अर्धा मिमी इकडेतिकडे होते.

भोकं लाकडाला काटकोनात पाडा, शक्य असेल तर ड्रिल स्टँडवर. स्क्रूचे आटे सोडून मधला गाभा जेवढा जाड, तेवढा बिट घ्या. 3.5 मिमीच्या स्क्रूला बासवुडमध्ये 2.5 चालतो. सागवानाच्या खुंटीत 2.8 घ्या, नाहीतर ती उभी फाटते. खोलीसाठी बिटला टेप गुंडाळा. स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेण लावा.

होटगीरोड_लेथ
ब्लॉकबद्दल. 40 च्या बॉडीत 42 चा ब्लॉक बसणार नाही, आणि नुसता 40 चा केला तरी भागत नाही. ब्लॉकचं खालचं टोक मागच्या पृष्ठभागापासून निदान 2-3 मिमी आत हवं, नाहीतर मागचं झाकण लागत नाही आणि गिटार पोटाशी धरली की ब्लॉकच अंगाला टेकतो. पातळ बॉडीसाठी 36 मिमीचे ब्लॉक मिळतात, तोच सरळ मार्ग. मागवण्याआधी प्लेटला ब्लॉक धरणाऱ्या तीन स्क्रूंची अंतरं मोजा, सगळ्यांची सारखी नसतात.

असलेलाच ब्लॉक लेथवर किंवा मिलिंगवर कापून देता येतो, पण दोन गोष्टी बघा. स्प्रिंग अडकवायची भोकं खालच्याच तोंडावर असतात. ती कापण्यात जातात किंवा उथळ होतात, म्हणून स्प्रिंगचा आकडा सहज बसेल एवढी नवीन पाडावी लागतात. आणि तारेच्या टोकाचा गोळा ब्लॉकच्या आत ज्या पायरीवर अडतो ती खालून किती खोल आहे ते सळई घालून मोजा. 6 मिमी कापल्यावर गोळा बाहेर डोकावत असेल तर कापू नका. कापलंच तर भोकांच्या कडा गोल करून घ्या, धारेवर तार तुटते.

आर्म दाबला की ब्लॉकचं खालचं टोक मागे, पट्ट्याच्या बटणाकडे जातं. स्टीलचा ब्लॉक जुन्यापेक्षा जाड असेल तर तो पोकळीच्या मागच्या भिंतीला आपटतो. स्क्रू मारण्याआधी हाताने तिरका करून बघा.

जुना आर्म नव्यात जबरदस्तीने घालू नका. अमेरिकन मापाच्या ब्रिजला 10-32 चा आटा असतो, आशियाई किटमध्ये बहुधा एम5 किंवा एम6. सॅडलच्या उंचीच्या स्क्रूंचंही तसंच : काहींना 1.5 मिमीची ॲलन की लागते, काहींना 0.050 इंचाची. चुकीच्या किल्लीने एकदा फिरवला की तो स्क्रू कायमचा गेला.

सातरस्ता_सोल्डर
अर्थची वायर ब्रिजला नाही, मागच्या क्लॉला (स्प्रिंगची दुसरी टोकं अडकवायची धातूची पट्टी) जोडलेली असते. क्लॉ, स्प्रिंग, ब्लॉक, तारा अशी साखळी आहे. त्यामुळे ब्रिज बदलला तरी वायर तीच राहते, फक्त साखळी कुठे तुटलेली नाही ना ते बघायचं. काही नवीन ब्लॉकना रंगाचा किंवा पावडर कोटिंगचा थर असतो. स्प्रिंगच्या भोकात तो लागला असेल तर बारीक कानसीने खरवडा.

मल्टीमीटर ओहमवर लावा, एक टोक तारेला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या कड्याला. एक-दोन ओहमच्या आत यायला हवं. आकडा हलत असेल तर क्लॉवरचा जोड कोरडा आहे. क्लॉ जाड पत्र्याचा, उष्णता शोषून घेतो, 25 वॅटच्या सोल्डरिंग गनने टाका चिकटतो पण धरत नाही. जागा खरवडून चकचकीत करा आणि 60 वॅटची वापरा.

ताराकंप_सोलापूर
खूप आभार. 36 चा ब्लॉक मागवतो. धागा लावून बघितला : नवीन ब्रिज बॉडीच्या मध्यावर ठेवला तर शेवटच्या फ्रेटवर पातळ ई कडेपासून 2 मिमी आणि जाड ई 4 मिमी येते. ब्रिज सरकवू का?

रंधा_आणि_कानस
थांबा, आधी नेक बघा. 56 च्या ब्रिजवर, नटपाशी दोन ई मध्ये 35 मिमी धरले, तर 22व्या फ्रेटवर तारांचा पसारा साधारण 50 येतो. नेक तिथे 56 रुंद असेल तर दोन्हीकडे तीन-तीन मिमी उरायला हवेत. तुमची बेरीज 6 च आहे, म्हणजे रुंदी बरोबर, फक्त दिशा चुकली आहे. नेकचे चारही स्क्रू अर्धा फेरा सैल करा, दोन्ही ई थोड्या ताणात ठेवून नेकचं नटकडचं टोक जाड ई च्या बाजूला हलकेच ओढा आणि आवळा. किटमध्ये नेक बसतो त्या खाचेत एवढी जागा बहुतेक वेळा असते. तेवढ्याने भागलं नाही तरच ब्रिज सरकवा, आणि तोही 1 मिमीच्या आत. जास्त सरकवला तर तारा पिकअपच्या (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकांवरून हटतात आणि एका बाजूचा आवाज बारीक पडतो.

ब्रिज बसवताना सहाही स्क्रू दाबून घट्ट करू नका. टोकाचे दोन प्लेटला जेमतेम टेकवा, मधले चार त्याहून अर्धा मिमी वर ठेवा. आर्म हलवताना प्लेटची पुढची कड स्क्रूंवर बिजागरीसारखी फिरली पाहिजे. सगळे आवळले की ती अडकते आणि तारा सुरात परत येत नाहीत. तुमच्या जुन्या ब्रिजचं दुखणं कदाचित हेच असेल, टाकून देण्याआधी एकदा स्क्रू सैल करून बघा.

मग तीन स्प्रिंग, 9-42 च्या नव्या तारा. सुरात लावा, प्लेटची मागची कड बॉडीपासून 3 मिमी वर येईपर्यंत क्लॉचे दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. प्रत्येक वेळी पुन्हा सुरात लावायचं, त्याशिवाय ते 3 मिमी खरे नसतात. 17व्या फ्रेटवर तारेची उंची 1.6 मिमी ठेवा. सॅडल पूर्ण खाली करूनही उंचीच राहत असेल तर नेकच्या खाचेत मागच्या, ब्रिजकडच्या कडेला पातळ शिम (पट्टी) घाला. सगळ्यात शेवटी इंटोनेशन (दाबलेले सूरही बरोबर येणं) : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे.

ताराकंप_सोलापूर
नेक ओढला. आता दोन्हीकडे 3 मिमी. आज खुंट्या ठोकतो.