मदत हवी आहे: मॉलिब्डेनमचं द्रावण जांभळं पडतंय, डायमर (दोन रेणूंची जोडी) कसा टाळू?

नमस्कार मंडळी, मी मुंबईत एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इनऑरगॅनिक. प्रोजेक्टमध्ये अडकलेय, इथे कोणी बायोइनऑरगॅनिकवाले (सजीवांतल्या धातूंची केमिस्ट्री करणारे) असतील तर प्लीज वाचून सांगा, थोडं लांबलंय.

विषय मी हट्टाने मागून घेतला. बाबांचं युरिक ॲसिड वाढतं म्हणून ते ॲलोप्युरिनॉल घेतात, आणि ती गोळी युरिक ॲसिड बनवणाऱ्या ज्या झँथीन ऑक्सिडेज एन्झाइमला अडवते त्याच्या पोटात मॉलिब्डेनम धातूचा अणू बसलेला असतो हे कळल्यावर मला राहवलंच नाही. पण गाइड म्हणाले त्यात मॉलिब्डेनमवर सल्फर लागतो, त्याचं मॉडेल (एन्झाइमची नक्कल करणारं छोटं कॉम्प्लेक्स) आपल्याकडे जमणारं नाही, सल्फाइट ऑक्सिडेज हे दुसरं एन्झाइम घे. तिथे मॉलिब्डेनम(६)वर (कंसातला आकडा ऑक्सिडेशन स्टेटचा) दोन ऑक्सिजन, त्यातला एक सल्फाइटला देतो, सल्फेट होतं, मॉलिब्डेनम(४) उरतो, नंतर इलेक्ट्रॉन एन्झाइममधल्याच हीमकडे (लोहाचा भाग) जातात आणि ऑक्सिजन पाण्यातून भरून निघतो. आम्ही सल्फाइटच्या जागी ट्रायफिनाइलफॉस्फीन घेतो, ऑक्सिजन सहज उचलतं म्हणून.

कॉम्प्लेक्स साधंच. सोडियम मॉलिब्डेट आणि सोडियम डायइथिलडायथायोकार्बामेट पाण्यात, वरून डायल्यूट एचसीएल. पहिल्या वेळी घाईत ॲसिड भसकन पडलं, लिगँडच (धातूला धरणारा रेणू, इथे डायथायोकार्बामेट) फुटला आणि कार्बन डायसल्फाइडचा वास सुटला, सगळं टाकून दिलं. दुसऱ्या वेळी बर्फात ठेवून थेंब थेंब घातलं, मोहरीच्या वाटणासारखा पिवळट साका बसला, आयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) ९०० च्या आजूबाजूला दोन बँड शेजारी शेजारी, म्हणजे सिस-डायऑक्सो (धातूवर दोन ऑक्सिजन एकमेकांशेजारी) आहे हे नक्की.

आता खरी अडचण. डायक्लोरोइथेनमध्ये, नायट्रोजनखाली, दहापट फॉस्फीन घातलं आणि स्पेक्ट्रोमीटरला क्युव्हेट लावली तर पिवळं द्रावण बघता बघता जांभळं झालं, अगदी पिकलेल्या जांभळाचा रस, ५०० नॅनोमीटरच्या जरा वर पीक चढतच गेला आणि मग तासाभरात हळूहळू उतरला. आधी वाटलं हवा शिरली (पावसाळ्यात आमच्या लॅबच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात), पण तीनदा केलं, तीनदा तेच. वाचल्यावर कळलं की नुकताच तयार झालेला मॉलिब्डेनम(४) शिल्लक मॉलिब्डेनम(६)ला भेटतो, मध्ये ऑक्सिजनचा पूल बांधतो आणि दोघेही पाचवर येतात, हाच तो जांभळा डायमर. हे उलटसुलट चालतं, म्हणून फॉस्फीनने सगळा सहावाला खाल्ला की रंग जातो. एन्झाइममध्ये प्रत्येक मॉलिब्डेनम आपापल्या प्रोटीनच्या आत खोल पुरलेला, दुसऱ्याशी गाठ पडतच नाही. माझ्या बाटलीत ती भिंत नाहीये, सगळा घोळ तिथेच आहे.

होम आणि बर्ग या केमिस्टांनी ८० च्या दशकात पिरिडीनला फिनाइल लावलेले थायोलेटचे दोन हात जोडून ही भेट अडवली होती, पण ते सिंथेसिस माझ्या आवाक्यातलं नाही. आयआयटी कानपूरच्या सब्यसाची सरकारांच्या ग्रुपने मॅलिओनायट्राइल डायथायोलेट हा सल्फरवाला लिगँड घेऊन थेट बायसल्फाइटवर (सल्फाइटचंच रूप) काम केलंय, ते वाचून फार हुरूप आला, खराखुरा सब्स्ट्रेट वापरलाय त्यांनी! पण मार्चमध्ये सबमिशन आहे.

तर विचारायचंय हे, सॅलिसिलाल्डिहाइड आणि ऑर्थो-अमिनोफिनॉलचा शिफ बेस (दोन्ही जोडून होणारा लिगँड) एमओओ२-एसीएसीवर (मॉलिब्डेनमचं सुरुवातीचं कॉम्प्लेक्स) बसवणं मला जमेल, त्यात ३,५-डाय-टर्ट-ब्युटिलवाला (दोन जाडजूड गट लावलेला) सॅलिसिलाल्डिहाइड घेतला तर एवढ्या आडोशाने डायमर थांबेल का, की तरीही पूल बांधतातच? कोणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगाच. अल्डिहाइड महाग आहे, प्रिन्सेस स्ट्रीटला दोन ठिकाणी विचारून आलेय, चुकून मागवलं तर पैसे गेले.

दुसरं, हेच डायथायोकार्बामेट ठेवून रंगाच्या नादी न लागता फॉस्फरस एनएमआरवर फॉस्फीन (उणे ५ पीपीएमच्या आसपास) आणि त्याचा ऑक्साइड (२९ पीपीएमच्या आसपास) मोजले तर ऑक्सिजन किती गेला ते कळेल, डायमर असो वा नसो, बरोबर ना? त्यातून रेट काढताना शिल्लक सहावाला किती हे डायमरचं इक्विलिब्रियम धरूनच मांडायचं का? हवेने फॉस्फीन आपोआप ऑक्सिडाइझ होतं का बघायला कॉम्प्लेक्सशिवायचा एक ब्लँक ठेवणारच आहे. एनएमआरचा स्लॉट पुढच्या गुरुवारी आहे, एकाच वेळेला किती सॅम्पल घेऊन जाऊ तेही सांगा.