बॅरलआधी बोल्टकडे बघा

एक्सपी-१०० म्हणजे रेमिंग्टनचं बोल्ट-अ‍ॅक्शन पिस्तूल. ते .२२१ फायरबॉल या छोट्या काडतुसाचं असेल, तर त्याला फक्त ७ एमएम बीआर या मोठ्या काडतुसाची बॅरल बसवली की झालं, असं काही जण म्हणतात. तसं नाही. फायरबॉलच्या केसचं (काडतुसाच्या पितळी नळीचं) बूड ०.३७८ इंच, बीआरचं ०.४७३. म्हणजे बीआरची केस त्या बोल्टच्या, म्हणजे काडतूस मागून रोखून धरणाऱ्या दांड्याच्या, तोंडात बसतच नाही! आधी बोल्टचं तोंड मोठं करायला हवं, एक्स्ट्रॅक्टरही (रिकामी केस बाहेर ओढणारा आकडा) बदलावा लागतो. हे काम अनुभवी गनस्मिथचंच. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गो आणि नो-गो दोन्ही गेजनी (मापाच्या ठोकळ्यांनी) तपासून घ्या; गोवर बोल्ट बंद व्हावा, नो-गोवर होऊ नये. बोल्ट नो-गोवर बंद झाला, तर त्या बंदुकीतून एकही गोळी झाडू नका. रेमिंग्टनने १९६३ मध्ये ही बंदूक आणली ती सिंगल-शॉट, त्यामुळे मॅगझीनची भानगड नाही, हे बरंय.

स्टॉकचं (बंदूक ज्यात बसते त्या दस्त्याचं) मात्र मनावर घ्या. फायरबॉलची गोळी ५० ग्रेन वजनाची, बीआरची सहज १४०, म्हणजे धक्काही जास्त. मूळ नायलॉनचा स्टॉक दिसतो देखणा, पण जाड बॅरल त्याच्या खाचेत घासते आणि नेम भरकटतो. नवीन स्टॉकमध्ये रिकॉइल लगच्या (धक्का स्टॉकवर घेणाऱ्या खुंटीच्या) मागे बेडिंग, म्हणजे बंदूक टेकते ती बैठक, घट्ट हवं, पुढे बॅरल पूर्ण मोकळी. कागदाची पट्टी बॅरलखालून न अडकता सरकली पाहिजे. आणि खांद्याला लावायचा स्टॉक अजिबात नको. अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड बॅरलवर तो लावला की कायद्याने ती शॉर्ट-बॅरल रायफल ठरते.