पतसंस्थेचा बॅकअप क्लाउडवर न्यायचाय; कोटेशनमध्ये 'अ‍ॅनालिटिक्स' आणि 'एआय' घातलंय. घ्यावं का?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सांगलीतल्या एका पतसंस्थेत मी संगणकाचं काम बघतो. मुख्य कार्यालय गावभागात, बाकी शाखा शहरात आणि आसपासच्या गावांत. संध्याकाळी पिग्मी एजंटांची मशीनं जमा झाली की डे-एंड (दिवसाचा हिशोब बंद करणं) होतं, मग एसक्यूएल सर्व्हरचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, बॅकअप निघतो. तो आधी ऑफिसातल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर) जातो आणि आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर. ती डिस्क मारुती चौकाजवळच्या शाखेत तिजोरीत असते. डेटाबेस साधारण 40 जीबी. शिवाय केवायसी आणि कर्जप्रकरणांची स्कॅन केलेली कागदपत्रं दीड टीबीच्या आसपास.

2019 च्या पुरात या दोन्ही ठिकाणी पाणी शिरलं. आयर्विन पुलाजवळची पातळी वाढत चालली तसा आम्ही सर्व्हर वरच्या मजल्यावर नेला, डिस्क सरव्यवस्थापक साहेबांनी घरी नेली, म्हणून निभावलं. 2021 ला पुन्हा तीच धावपळ. आता संचालक मंडळाने सांगितलंय की प्रत सांगलीबाहेर गेलीच पाहिजे.

तीन कोटेशनं आली आहेत. पहिल्यात फक्त बॅकअप, टीबीप्रमाणे महिन्याचं भाडं. दुसऱ्यात त्याशिवाय रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) ओळखण्याची सोय. तिसरं सगळ्यात महाग: 'तुमचा बॅकअप नुसता पडून राहणार नाही, त्यातून थकबाकीचा अंदाज, सभासदांचं विश्लेषण, एआयला प्रश्न विचारा', असं सगळं. करार तीन वर्षांचा. चेअरमन साहेबांना तिसरं आवडलंय. व्हेंडर म्हणतो, जगभर बाजार तिकडेच चाललाय. हे खरं आहे का, आणि आमच्यासारख्या संस्थेने यातलं काय घ्यावं?

डिस्कवाला_मिरज

आणखी दोन डिस्क घ्या. एक विश्रामबागच्या शाखेत ठेवा, एक कराडला कुणा विश्वासातल्या माणसाकडे. दर शनिवारी बदला. क्लाउडचं भाडं जन्मभर भरत राहावं लागतं आणि डॉलर वाढला की तेही वाढतं. आमच्याकडचे बरेच दवाखाने डिस्कवरच चालतात.

मुठाकाठ (पुणे)

पुण्यात बॅकअपचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. आता सहकारी संस्था आणि दवाखान्यांना याच कामात मदत करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाजार तिकडे चाललाय हे खरंच आहे, व्हेंडरने ते मनाने रचलेलं नाही. नुसती प्रत काढून ठेवण्याचे पैसे आता फारसे मिळत नाहीत, कारण अ‍ॅमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल स्वतःच स्नॅपशॉट (त्या क्षणाची डेटाची प्रत) देतात. त्यामुळे ज्यांचा धंदाच बॅकअपचा, त्यांनी सुरक्षा आणि विश्लेषण या दोन वाटा धरल्या. रुब्रिक एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली तीच सायबर सुरक्षेचं नाव पुढे करून. डिसेंबर 2024 मध्ये कोहेसिटीने व्हेरिटासचा डेटा संरक्षणाचा धंदा आपल्यात घेतला. व्हेरिटासचं पुण्यात मोठं केंद्र होतं, आमच्यातले कितीतरी जण हे काम तिथेच शिकले. वीमने ऑक्टोबर 2025 मध्ये सिक्युरिटी एआय ही कंपनी 1.725 अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. 2008 मध्ये आपल्या पुण्यात सुरू झालेल्या द्रुवाचं नाव झालं ते लॅपटॉपच्या बॅकअपमुळे, आज तीही सुरक्षा आणि एआयचीच भाषा बोलते.

त्यांचं म्हणणं असं: संस्थेचा सगळा डेटा, तोही तारीखवार, एका जागी मिळतो तो फक्त बॅकअपमध्ये, मग त्यावर शोध आणि विश्लेषण का चालवू नये? पन्नास ठिकाणी पन्नास सॉफ्टवेअरं असलेल्या मोठ्या कंपनीला याचा उपयोग आहे. तुमची थकबाकी मात्र तुमच्या कोअर सॉफ्टवेअरच्या (खाती आणि व्यवहार सांभाळणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरच्या) रिपोर्टात रोज दिसते. तासगावचा कोणता कर्जदार द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर भरणार, हे तुमच्या वसुली अधिकाऱ्याला पाठ असतं. विश्लेषण हवंच असेल तर चालू डेटाबेसच्या एका प्रतीवर करा, तेही वेगळं. त्यासाठी बॅकअपचा दरवाजा आणखी एका सॉफ्टवेअरला उघडून देऊ नका. तिसरं कोटेशन माझ्या मते बाजूला ठेवावं.

दुसऱ्या कोटेशनमधलं विश्लेषण मात्र मला मनापासून पटतं, आणि ते चालतं कसं हे समजून घेण्यासारखं आहे. तुमच्याकडे रोज बदललेला भाग समजा दोन जीबी निघतो. स्कॅन केलेली जुनी कागदपत्रं कधीच बदलत नाहीत. रॅन्समवेअर घुसलं की ते फायली एकेक करून कुलूपबंद करत सुटतं, म्हणजे प्रत्येक फाइल 'बदलली' असं बॅकअपला दिसतं. दोन जीबीचे एका रात्रीत शंभर-दोनशे होतात. शिवाय कुलूपबंद झालेला डेटा आवळून लहान करता येत नाही. डेटाबेसचा बॅकअप कॉम्प्रेस होऊन एरवी पाव होत असेल, तर त्या रात्री तो जवळपास होता तेवढाच राहतो. हे दोन आकडे, किती बदललं आणि किती आवळलं गेलं, हाच या ओळखण्याच्या सोयीचा गाभा. सोय विकत घ्या किंवा नका घेऊ, पण आजपासून डे-एंडच्या रजिस्टरमध्ये रोजच्या बॅकअपचा आकार लिहायला सांगा. सकाळी आलेल्या माणसाला आकडा वेगळा दिसला की त्याने शाखा सुरू करायच्या आधी फोन केला पाहिजे.

आता खरा मुद्दा, जो तिन्ही कोटेशनांत कुणी लिहिलेला नसेल. बॅकअप पुसायचा अधिकार कुणाच्या हातात आहे?

2014 मध्ये कोड स्पेसेस नावाची कंपनी काही तासांत संपली. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणं हा तिचा धंदा. हल्लेखोर तिच्या अ‍ॅमेझॉनच्या खात्यात शिरला, खंडणी मागितली, आणि कंपनी खातं परत ताब्यात घ्यायला लागल्यावर त्याने डेटा पुसला आणि बॅकअपही पुसले. सगळं एकाच खात्यात होतं. याच्या उलट उदाहरण मे 2024 चं. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचं गुगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड (फक्त त्यांच्यासाठी राखलेली यंत्रणा) गुगलकडच्याच एका चुकीच्या सेटिंगमुळे मुदत संपल्यासारखं होऊन पुसलं गेलं. सहा लाखांवर सभासद, आणि कित्येक दिवस कुणाला आपलं खातं बघता येईना. दोन ठिकाणी ठेवलेली प्रत दोन्हीकडून गेली. फंड पुन्हा उभा राहिला त्यात दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचा मोठा वाटा होता.

म्हणून व्हेंडरला विचारा: ठरलेल्या मुदतीपर्यंत प्रत कुणालाच पुसता येणार नाही अशी सोय आहे का? अ‍ॅमेझॉनच्या एस-3 या क्लाउड साठवणुकीत तिला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात, 2018 पासून आहे. त्यातला कम्प्लायन्स मोड लावला की मुदत संपेपर्यंत खात्याच्या मुख्य मालकालाही प्रत पुसता येत नाही. इतरांकडेही अशाच सोयी आहेत. तीस दिवस लावलेत तरी पुष्कळ. बॅकअपचं खातं वेगळं, त्याचा पासवर्ड वेगळा, आणि लॉगिनला दुसरी खूण मोबाइलवर. तुमच्या सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड चोरीला गेला तरी त्या पासवर्डाने बॅकअपपर्यंत पोचता येऊ नये.

डिस्कवाल्यांचं म्हणणं मी मोडीत काढणार नाही. तारेपासून सुटी असलेली डिस्क कुठलाही हॅकर पुसू शकत नाही. डिस्क ठेवाच, फक्त मारुती चौकातून हलवा. पण शनिवारच्या डिस्कवर त्यानंतरच्या, पुढच्या शुक्रवारपर्यंतच्या पिग्मीच्या पावत्या नसतात, त्यासाठी रोज रात्री क्लाउडवर जाणारी प्रत हवीच.

लेखापरीक्षक_सातारा

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी. लेखापुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा, हा ऑगस्ट 2022 चा नियम कंपनी कायद्याखालचा आहे. पतसंस्था 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते, तेव्हा तो थेट लागू नाही. तरीही प्रत देशातच ठेवा, मुंबई, पुणे, हैदराबाद, दिल्ली असे पर्याय आता मोठ्या कंपन्यांकडे आहेत.

वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 चा, मात्र तुम्हाला लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि तुमच्यावरची मुख्य बंधनं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. डेटाची वाजवी सुरक्षा राखली नाही तर दंड 250 कोटींपर्यंत जाऊ शकतो, आणि नियमांत बॅकअपचा स्पष्ट उल्लेख आहे. डेटा व्हेंडरकडे असला तरी जबाबदारी संस्थेचीच राहते. तिसऱ्या कोटेशनबद्दल माझी हरकत वेगळी आहे. सभासदाने आधार आणि पॅन दिलं ते खातं उघडायला. ती कागदपत्रं त्याला न विचारता एआयच्या विश्लेषणाला लावणं मला अजिबात योग्य वाटत नाही. चेअरमन साहेबांना हे जरूर सांगा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. मुठाकाठ ताई, तुमची पोस्ट सरव्यवस्थापक साहेबांना वाचून दाखवली. त्यांचा प्रश्न असा: आमचं कोअर सॉफ्टवेअरच उद्या व्हेंडरच्या डेटा सेंटरवर जाणार म्हणतात. तिथे गेल्यावर बॅकअप त्यांनीच बघायचा ना? आणि पहिलं कोटेशन इतकं स्वस्त का आहे?

मुठाकाठ

त्यांनी बघावाच, पण एक प्रत तुमच्या ताब्यात असली पाहिजे. जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. एनपीसीआयने (यूपीआयसारखी पेमेंटची यंत्रणा चालवणाऱ्या संस्थेने) तिला पेमेंटच्या यंत्रणेपासून तोडलं, आणि देशातल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे पेमेंटचे व्यवहार अडले. त्यात बऱ्याच सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. हल्ला एकीकडे आणि रांग आपल्या काउंटरवर. करारात लिहून घ्या की रोजच्या डे-एंडनंतर डेटाबेसची पूर्ण प्रत तुमच्या खात्यात येईल, उघडता येईल अशा स्वरूपात. सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, त्याची आवृत्ती आणि लायसन्स हेही जपा. नुसता डेटाबेस हातात असून सभासदाला शिल्लक सांगता येत नाही.

'डेटा फार मोठा आहे, म्हणून बाहेर प्रत नाही' हे उत्तर कुणी दिलं तर ऐकून घेऊ नका. दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला 26 सप्टेंबर 2025 ला आग लागली, बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रं जिथे राहायची त्या जी-ड्राइव्हचे 858 टीबी गेले. बाहेर प्रत नव्हती, आणि कारण सांगितलं गेलं ते आकारमानाचं. तुमचे दीड टीबी त्यापुढे काहीच नाहीत.

पहिलं कोटेशन स्वस्त का, हे त्यातल्या साठवणुकीच्या प्रकारावर बघा. बहुतेक ते खोल आर्काइव्हचं (क्वचित लागणारा डेटा स्वस्तात ठेवायच्या जागेचं) असणार. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून डेटा मागितला की तो तयार व्हायलाच 12 तासांपर्यंत लागतात, स्वस्तातला पर्याय घेतला तर 48. त्यातून लवकर पुसलं तरी 180 दिवसांचं भाडं लागतंच. जुन्या कर्जप्रकरणांच्या स्कॅनला हे चालेल, कालच्या डेटाबेसला नाही. डेटाबेस लगेच मिळणाऱ्या साठवणुकीत आणि कागदपत्रं स्वस्तातल्या, असे दोन भाग करून मागा. बाहेर काढण्याचेही पैसे पडतात: अ‍ॅमेझॉनकडे महिन्याला 100 जीबी फुकट, पुढे मुंबईतून दर जीबीला साधारण 11 सेंट. दीड टीबी एकदम ओढलंत तर दीडशे डॉलरच्या आसपास. कोटेशनमध्ये हा खर्च कुणाचा ते स्पष्ट असू द्या.

वेळेचा हिशोबही मांडा. 100 एमबीपीएसच्या लाइनवर दीड टीबी यायला कागदावर 33 तास, प्रत्यक्षात दोन दिवस धरा. पूर आला तर सांगलीतली लाइन चालू असेलच असं नाही. त्यामुळे डेटाबेस कुठे उतरवायचा ते आधी ठरवा, विटा किंवा कराडसारख्या ठिकाणच्या शाखेत एक बरा संगणक सज्ज ठेवा. 40 जीबी तासा-दीड तासात येतात, तेवढ्यावर काउंटर सुरू होतं. कागदपत्रं मागाहून आली तरी चालतात.

आणि दर तिमाहीला एका शनिवारी दुपारी तिथे खरोखर रिस्टोर करून बघा. गिटलॅबसारख्या नावाजलेल्या कंपनीत 31 जानेवारी 2017 ला चुकून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की त्यांच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. बॅकअपची कमांड वेगळ्या आवृत्तीची होती, म्हणून रोज निकामी व्हायची, आणि त्याची सूचना देणाऱ्या मेल नाकारल्या जात होत्या. तुमच्याकडे रिस्टोर झाल्यावर डेटाबेसवर चेकडीबी (डेटाबेस धड आहे का ते तपासणारी एसक्यूएल सर्व्हरची कमांड) चालवा, मग आदल्या दिवशीच्या दहा-बारा पिग्मी खात्यांची शिल्लक छापील डे-बुकाशी ताडून बघा. हे काम संगणकवाल्याने एकट्याने करू नये, अकाउंट्सचा माणूस शेजारी बसवा आणि दोघांच्या सह्या घ्या.

डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून पाठवत असाल, पाठवावाच, तर ती किल्ली सर्व्हरवरच ठेवू नका. छापून, पाकिटात सील करून एक मुख्य कार्यालयाच्या लॉकरमध्ये आणि एक विश्रामबागला.

करार तीन वर्षांचा नको, एक वर्षाचा मागा. या धंद्यात कंपन्या एकमेकींना विकत घेताहेत, दर आणि अटी बदलत राहणार. करार सोडताना डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल, हे कलम नीट वाचा. दुसऱ्या कोटेशनमधलं ते कलम व्हेंडरचं नाव काढून इथे टाका, मी वाचून सांगते.