कर्ज फिटलं, तरी सिबिलवर थकीतच

रावेरकर: वडिलांच्या नावावरचं ट्रॅक्टरचं कर्ज केळीच्या पैशातून पूर्ण फेडलं. तरी सिबिल (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) रिपोर्टवर थकबाकी दिसते. ठिबकचं कर्ज त्यापायी अडलंय. अर्ज कसा लिहू?

चोपड्याची ताई: भाऊ, बँक आणि सिबिल, दोन्हीकडे लिहा. वरती रिपोर्टचा कंट्रोल नंबर आणि कर्ज खाते क्रमांक. मग एकच मागणी: 'थकीत रक्कम शून्य करून खाते बंद दाखवावे.' रागाचा मजकूर अजिबात नको, तो कुणी वाचत नाही. कर्ज फिटल्याच्या, बँकेच्या नाहरकत दाखल्याची झेरॉक्स जोडा, मूळ कागद हातचा सोडू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्याच. 'करून देतो' या तोंडी शब्दावर आमचं एक अख्खं पीककर्ज लटकलं होतं.

अमळनेरकर: सही वडिलांचीच हवी. ३० दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. अर्जात लिहा. इक्विफॅक्स, एक्सपेरियन, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतात.

रावेरकर: दाखला सापडत नाही, शेवटच्या हप्त्याची पावती आहे.

चोपड्याची ताई: मग आधी शाखेत दुय्यम प्रत आणि खातेउतारा मागा, तोही लेखी.