शब्दचर्चा: ‘क्लास अ‍ॅक्शन सेटलमेंट’ मराठीत सांगायचं कसं?

एडिसनवाली:
नमस्कार. इथे न्यू जर्सीत आमच्या मंडळाच्या ज्येष्ठांच्या गटात ब्लू क्रॉस ब्लू शील्डच्या खटल्याचा विषय अधूनमधून निघतोच. या अमेरिकेतल्या आरोग्यविमा कंपन्या; आपसातली स्पर्धा मारून विमा महाग केला असा त्यांच्यावर आरोप होता आणि शेवटी २.६७ अब्ज डॉलरचं सेटलमेंट झालं. कुणाला पत्र आलेलं असतं, कुणाला ईमेल, कुणाला काहीच नाही. ‘तूच एकदा मराठीत पानभर लिहून दे’ असं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. पहिल्याच ओळीत अडले आहे. मी ‘वर्गीय खटल्यातील समझोता’ असं लिहिलं, तर शेजारचे काका म्हणाले, ‘कुठला वर्ग? सातवी ब?’ पुढे प्रीमियम, क्लेम, रिलीज, ऑप्ट आउट, सबस्क्रायबर अशी रांग लागलेली आहे. सुचवा. इंग्रजीच राहू द्या म्हणालात तरी चालेल, पण मग समजावायचं कसं तेही सांगा.

जुना कारकून:
आधी ‘खटला’ काढून टाका. कोर्टाच्या आवारात फौजदारी तो खटला आणि दिवाणी तो दावा. वर्तमानपत्रं दोन्हींची सरमिसळ करतात, पण म्हाताऱ्या माणसाला ‘खटला’ म्हटलं की डोळ्यांपुढे पोलीस येतो. हे प्रकरण अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या संघीय न्यायालयातलं, निव्वळ दिवाणी. देशभर ठिकठिकाणी लागलेले दावे २०१२ च्या शेवटी तिथे एकत्र केले गेले. न्यायाधीश प्रॉक्टर.

‘क्लास अ‍ॅक्शन’साठी आपल्याकडे रुळलेला शब्द आहे: प्रातिनिधिक दावा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पहिल्या आदेशातला आठवा नियम. हितसंबंध सारखे असलेली माणसं पुष्कळ असली की न्यायालयाच्या परवानगीने त्यांतले एकदोघे सगळ्यांच्या वतीने दावा लावतात, बाकीच्यांना नोटीस किंवा वर्तमानपत्रातून जाहीर सूचना जाते. ‘वर्ग’ आणायची गरजच नाही.

खडूफळा:
कारकूनसाहेब, ‘प्रातिनिधिक’ छान आहे, पण त्यात एक गोम आहे. प्रतिनिधी म्हटलं की तो आपण निवडून दिला असं वाटतं. इथे कुणी कुणाला निवडलं नव्हतं. काही जणांनी दावा लावला, न्यायालयाने त्यांना प्रतिनिधी मानलं आणि गट इतका मोठा ठरला की त्यात दहा कोटींहून जास्त माणसं आणि कंपन्या बसल्या. त्यांतल्या बहुतेकांना आपण वादी आहोत याचा पत्ताच नव्हता. मी ‘समूहदावा’ म्हणेन. समूहात माणूस न विचारता धरला जातो, हे त्या शब्दात बसतं.

तळटीप:
समूहदाव्याला माझं मत. तरी मला मोठी अडचण ‘समझोता’ची वाटते.

आपल्याकडे तडजोड किंवा समझोता म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसतात, तू थोडं सोड, मी थोडं सोडतो, मग तडजोड पुरसिस, म्हणजे न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन, लिहून दोघंही सही करतात. सही नाही तर तडजोड नाही. लोकअदालतीतही हेच चालतं. अमेरिकेतल्या या प्रकारात सही करणारे मूठभर आणि बांधले जाणारे कोट्यवधी. तुम्ही ठरावीक मुदतीत ‘मला यातून वगळा’ असं लेखी कळवलं नाही, तर तुम्ही आत. गप्प राहिलात, पत्र न उघडता टोपलीत टाकलंत, अर्जही केला नाहीत, पैसाही मिळाला नाही, तरी आत. त्या विषयावर त्या कंपन्यांवर स्वतंत्र दावा लावायचा तुमचा हक्क गेला.

म्हणून ‘तडजोड’ हा शब्द ठेवा, पण एकटा सोडू नका. ‘न्यायालयाने मंजूर केलेली, गप्प राहिलेल्यांनाही लागू होणारी तडजोड’ असं एकदा पूर्ण लिहा आणि पुढे नुसतं तडजोड म्हणा. मराठी वाचक गप्प बसण्याला तटस्थ राहणं समजतो. तुमच्या पानावर बाकी काही राहिलं तरी हा समज मोडला पाहिजे.

जुना कारकून:
अगदी बरोबर. आपल्या त्या आठव्या नियमातही तडजोड करायची तर न्यायालयाला सगळ्या संबंधितांना आधी नोटीस द्यावी लागते आणि हुकूमनामा सगळ्यांवर बंधनकारक होतो. फक्त ‘मला वगळा’ म्हणून बाहेर पडण्याची अमेरिकेसारखी सोय त्या नियमात लिहिलेली नाही. तिथे पक्षकार करून घ्या म्हणून आत येता येतं.

एडिसनवाली:
मग ‘ऑप्ट आउट’ला ‘नाव वगळून घेणे’ चालेल? आणि ‘ऑब्जेक्शन’ला ‘आक्षेप’?

तळटीप:
‘नाव वगळून घेणे’ उत्तम. मतदारयादीमुळे सगळ्यांना कळतो. ऑब्जेक्शनला मात्र ‘हरकत’ घ्या. महापालिकेच्या जाहिरातीत ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे प्रत्येकाने वाचलेलं असतं. दोन्हींतला फरक मात्र नीट लिहा. नाव वगळून घेतलं की तुमचा तडजोडीशी संबंध संपला, मग तुम्हाला हरकतही घेता येत नाही. हरकत घ्यायची तर आत राहूनच, आणि ती फेटाळली गेली तर तडजोड तुम्हालाही लागू. होम डेपो या मोठ्या दुकानसाखळीचंच बघा. त्यांनी हरकत घेतली की या तडजोडीत पुढच्या काळातले दावेही सोडून द्यावे लागताहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयाने तरीही अंतिम मंजुरी दिली, अपील न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती उचलून धरली आणि जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. लोकांचे पैसे इतकी वर्षं अडकले ते या अपिलांमुळे. गटातल्या कुणाला ‘फसवणूक आहे हो, पाच वर्षं झाली’ असं वाटत असेल तर हे सांगा.

अर्धा चहा:
‘रिलीज’ राहिलाच की. तिथे माझा आवडता जुना शब्द बसतो: फारखत. हल्ली फारकत म्हटलं की नवराबायकोच डोळ्यांपुढे येतात, पण जुन्या कागदांत फारखत म्हणजे ‘माझं तुझ्याकडे आता काही येणं नाही’ असं लिहून देणं. सावकार कर्ज फिटल्यावर द्यायचा. रिलीजचा अर्थ हाच.

खडूफळा:
शब्द देखणा आहे, पण ज्येष्ठांच्या गटात ‘ब्लू क्रॉसला फारकत’ असं पान वाटलंत तर अर्धा तास हसण्यातच जाईल. ‘हक्कसोड’ लिहा. वडिलोपार्जित घराचं हक्कसोडपत्र करून न दिलेला मराठी माणूस विरळा.

अर्धा चहा:
हरलो. हक्कसोड.

गिरणगाव:
माझा मुद्दा प्रीमियमबद्दल. सगळे ‘हप्ता’ म्हणतात, एलआयसीमुळे तो रुळलाय. पण हप्ता म्हणजे मोठ्या रकमेचा तुकडा: घराचा हप्ता, फ्रीजचा हप्ता. वर्षाचा प्रीमियम एकरकमी भरला तरी आपण त्याला हप्ताच म्हणतो. ते असो, विमाहप्ता ठेवा. मला खुपतं ते दुसरंच. या पैशाला लोक ‘हप्त्याचा परतावा’ म्हणतात. परतावा म्हणजे चुकून जास्त घेतलेले परत देणं. इथे तसं झालेलं नाही. आरोप असा होता की ब्लूच्या तिसेक कंपन्यांनी नावाच्या परवान्याआडून देशाचे इलाखे आपसात वाटून घेतले, एकमेकींच्या हद्दीत शिरायचं नाही असं ठरवलं, त्यामुळे स्पर्धा मेली आणि विमा महाग पडला. कंपन्यांनी आरोप कबूल केले नाहीत. नेमका कुणाकडून किती जास्त घेतला, याचा निवाडाही झाला नाही. एक रक्कम ठरली आणि ती वाटली जाणार.

आणखी एक. काही नियमही बदलले. प्रत्येक ब्लू कंपनीच्या देशभरातल्या आरोग्यविम्याच्या उत्पन्नाचा दोन तृतीयांश भाग ब्लू नावाखालूनच आला पाहिजे, अशी अट होती. ती काढावी लागली. कर्मचाऱ्यांचा विमा काढणाऱ्या काही मोठ्या मालकांना एकाऐवजी दुसऱ्या ब्लू कंपनीकडूनही दर मागवता येतील असं ठरलं. माझ्या मते पैशापेक्षा हे महत्त्वाचं, पण त्याबद्दल कुणी विचारत नाही. धनादेश कधी येणार, एवढंच.

एडिसनवाली:
मीही तेच विचारत होते, कबूल. मग ‘परतावा’ऐवजी ‘वाटा’ लिहिते. आणि सबस्क्रायबर? मी ‘विमाधारक’ लिहिलंय.

तळटीप:
तिथे जपून. विमाधारक म्हटलं की कार्डावरची बायको आणि मुलंही आली असं वाटतं. या तडजोडीत अवलंबून असलेल्यांना, म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या विम्याखाली असलेल्यांना, वेगळा वाटा नाही. आपल्याकडच्या कितीतरी बायका एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाबरोबर मिळणाऱ्या व्हिसावर, येऊन नवऱ्याच्या विम्याखाली होत्या. त्यांनी ‘मीही विमाधारक होते’ म्हणून वाट पाहत बसू नये. ज्याच्या नावाने विमा होता, तो सबस्क्रायबर. शिवाय विमा घेणारी कंपनी, म्हणजे तुमचा मालक, तोही. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी विमा योजनांचा यात संबंध नाही. ज्येष्ठांचा गट आहे म्हणून हे ठळक अक्षरांत लिहा.

अर्धा चहा:
सबस्क्रायबर म्हणजे वर्गणीदार! हसू नका. १९२९ मध्ये डॅलसच्या बेलर रुग्णालयाने तिथल्या शिक्षकांसाठी योजना काढली. महिन्याला ५० सेंट द्या, गरज पडली तर वर्षात २१ दिवस रुग्णालयात राहा. ब्लू क्रॉसचा उगम तिथला मानतात. ही वर्गणीच की. गणपतीची भरतो तशी, सगळ्यांनी थोडी थोडी भरायची आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्या कामी यायची.

खडूफळा:
इतिहास गोड, पण वर्गणीदार म्हटलं की दिवाळी अंक आठवतो. ‘ज्यांच्या नावे विमा होता ते’ एवढंच लिहा. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द हवा असा काही नियम नाही.

जुना कारकून:
‘क्लेम’ला दावा म्हणू नका, हे सांगायचं राहिलं. मूळ प्रकरण दावा, विम्याकडे बिल पाठवलं तोही दावा आणि वाट्यासाठी अर्ज केला तोही दावा, असं झालं तर वाचणाऱ्याला वाटेल आपण कोर्टात उभे आहोत. वाट्याचा तो ‘अर्ज’. त्या अर्जाची मुदत ५ नोव्हेंबर २०२१ ला संपली, हे पहिल्या परिच्छेदातच येऊ द्या. नाहीतर कुणीतरी भामटा ‘अजून अर्ज करता येतो, बँकेचा तपशील द्या’ म्हणून फोन करेल आणि आपला माणूस देऊन बसेल.

एडिसनवाली:
हे फार उपयोगाचं. आता शेवटचं डोकं खाते. आमच्याकडचे एक जण म्हणतात, वर्षाला २० हजार डॉलर हप्ता होता, तर ३४ टक्के म्हणजे ६,८०० डॉलर मिळणार. असं कुठेतरी वाचलंय म्हणतात.

गिरणगाव:
नाही, नाही. ३४ टक्के खरे आहेत, अर्थ चुकलाय. नोकरीतून विमा असेल तर हप्त्याचा काही भाग मालक भरतो, काही तुमच्या पगारातून कापला जातो. कुणी किती भरला याचे जुने कागद बहुतेकांकडे नसतात, म्हणून एक गृहीत टक्का ठरवला. कंपनीने विमा कंपनीकडून पूर्ण विमा घेतला असेल तर एकट्याच्या विम्यात कर्मचाऱ्याचा भाग १५ टक्के आणि कुटुंबाच्या विम्यात ३४ टक्के. आपण जास्त भरलं असं दाखवायचं असेल तर कागद जोडून तसा अर्ज करता येत होता. ते ६,८०० म्हणजे वाटप करताना तुमच्या नावावर धरायची रक्कम. मूळ २.६७ अब्ज डॉलरच्या निधीतून वकिलांची फी आणि खर्च मिळून पाव हिस्सा गेला, कारभाराचा खर्च वेगळा. उरले सुमारे १.९ अब्ज. अर्जदारांच्या अशा सगळ्या रकमा एकत्र करून त्या प्रमाणात ते वाटायचे. पाच डॉलरपेक्षा कमी वाटा निघाला तर काहीच देत नाहीत. तेव्हा त्या गृहस्थांना गाडी बदलायची घाई करू नका म्हणावं.

तळटीप:
यात ‘पूर्ण विमा’ आणि ‘सेल्फ-फंडेड’चा फरकही एका ओळीत घ्या. बऱ्याच मोठ्या कंपन्या उपचारांचा खर्च स्वतःच्या खिशातून देतात, ब्लू क्रॉस फक्त कारभार बघते. कार्ड मात्र तसंच निळं. ‘स्वनिधी’ वगैरे नको, ‘खर्च मालकाचा, कारभार ब्लू क्रॉसचा’ असं सरळ लिहा. त्यांच्यासाठी काळ वेगळा: पूर्ण विमा असणाऱ्यांना फेब्रुवारी २००८ पासून, यांना सप्टेंबर २०१५ पासून. शेवट दोघांचाही ऑक्टोबर २०२०. आणि निधीतला ९३.५ टक्के भाग पूर्ण विमावाल्यांचा, यांच्या वाट्याला ६.५. आयटीतली आपली पुष्कळ मंडळी या दुसऱ्या गटात निघतील. शेजाऱ्याच्या आणि आपल्या वाट्यात इतका फरक का, याचं उत्तर बहुधा इथेच सापडेल.

डॉक्टरची आई:
मी नुसती वाचत होते, पण विचारतेच. माझी मुलगी ओहायोत डॉक्टर आहे. तिने २.८ अब्जांच्या तडजोडीबद्दल सांगितलं होतं. इथे २.६७ लिहिलंय. छापताना चूक झाली का?

तळटीप:
चूक नाही, ताई. ती दुसरी तडजोड, ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली. न्यायालय तेच, कंपन्या त्याच, पण वादी डॉक्टर आणि रुग्णालयं. त्यांचं म्हणणं असं होतं की इलाखे वाटून घेतल्यामुळे त्यांना कमी मोबदला मिळाला. मुलीला त्या तडजोडीची पत्रं वेगळी जपून ठेवायला सांगा. दोन्ही नोटिशींवर ब्लू क्रॉसचंच नाव असल्याने बरेच जण गोंधळतात.

एडिसनवाली:
ही ओळही पानावर घालते. ‘प्रोव्हायडर’ला काय लिहू?

खडूफळा:
‘डॉक्टर आणि रुग्णालयं’. तुमच्या गटात त्यावर कुणी हरकत घेणार नाही.